वजनाचं ऑपरेशन, आतड्यातले हार्मोन आणि शुगर: घरच्यांना माहीत असाव्यात अशा गोष्टी

वजन कमी करण्याचं ऑपरेशन, म्हणजे बेरिॲट्रिक सर्जरी, आता फक्त मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. प्रत्येकाच्या नात्यात एखादी खाला, एखादे मामू असतातच, ज्यांना डॉक्टरांनी हा इलाज सुचवलेला असतो किंवा ज्यांनी तो करून घेतलेला असतो. अशा घरांतून एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. पेशंट तीन-चार दिवसांत घरी आला, वजन जेमतेम दोन-तीन किलो उतरलं होतं, पण शुगर खाली आली आणि इन्सुलिनचे युनिट निम्म्यावर आले किंवा बंदच झाले. वजन तर अजून तसंच आहे, मग शुगर कुठे गेली?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मधुमेहाबद्दलची वैद्यकाची समजूतच बऱ्याच अंशी बदलली. आज ज्या आठवड्याच्या इंजेक्शनांची सगळीकडे चर्चा आहे, तीही याच हार्मोनांच्या अभ्यासातून आली. आम्ही इथे हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत. ऑपरेशन करा किंवा करू नका, असं सांगणं हे आमचं काम नाही. पण सही करण्याआधी घरातल्या चार माणसांना नेमकं काय होणार आहे हे कळलं पाहिजे, असं आम्हांला वाटतं.

ऑपरेशनमध्ये काय करतात

दोन प्रकार जास्त चालतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. कापलेला भाग परत जोडता येत नाही, हे लक्षात ठेवावं. दुसरा गॅस्ट्रिक बायपास. (हृदयाच्या बायपासशी याचा काही संबंध नाही, नावामुळे घरोघर गोंधळ होतो.) यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी करतात आणि लहान आतडं पुढच्या भागातून कापून थेट तिला जोडतात. त्यामुळे घास उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून सरळ पुढे जातो. पित्त आणि स्वादुपिंडाचे रस आपल्या जुन्या वाटेने येतात आणि बरंच खाली अन्नाला भेटतात.

गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या सर्जननी केली. तेव्हाची कल्पना सरळ होती: पोट लहान केलं की माणूस कमी खाईल, कमी खाल्लं की वजन उतरेल. शुगरचा विचार त्यात नव्हता.

मग १९९५ साली नॉर्थ कॅरोलायनातले सर्जन वॉल्टर पोरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या ६०८ बायपास पेशंटचा १४ वर्षांचा हिशेब छापला. त्यांतल्या १४६ जणांना टाइप २ मधुमेह होता, आणि १२१ जणांची शुगर नॉर्मल राहिली होती. कित्येकांची तर ऑपरेशननंतर काही दिवसांतच उतरली होती. टाइप २ मधुमेह हा एकदा लागला की वाढतच जाणारा आजार, असं जगभर शिकवलं जात होतं, त्या काळातली ही गोष्ट.

आतडं नुसतं पाइप नाही

आतड्यातून रक्तात निरोप जातो, हे १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवलं होतं. हार्मोन या कल्पनेची सुरुवातच आतड्यापासून झाली. पुढे १९६०च्या दशकात संशोधकांनी एक साधी तुलना केली. तेवढंच ग्लुकोज एकदा तोंडाने दिलं, एकदा शिरेतून. तोंडाने दिलं तेव्हा शरीराने कितीतरी जास्त इन्सुलिन सोडलं. म्हणजे साखर आतड्याला लागली की आतडं स्वादुपिंडाला आगाऊ कळवतं, "माल येतोय, तयार राहा." निरोगी माणसात जेवणानंतर सुटणाऱ्या इन्सुलिनचा निम्म्याहून अधिक भाग या निरोपामुळे सुटतो. टाइप २ मधुमेहात हा निरोप क्षीण होतो.

हा निरोप नेणारे मुख्य हार्मोन दोन, जीआयपी आणि जीएलपी-१. जीआयपी लहान आतड्याच्या सुरुवातीला तयार होतो, जीएलपी-१ मुख्यतः शेवटाकडच्या पेशींमध्ये. जीएलपी-१ची कामं बरीच आहेत. शुगर वाढलेली असेल तेव्हा इन्सुलिन वाढवणं, यकृताला साखर सोडायला लावणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालणं, जठर हळू रिकामं करणं आणि मेंदूला "पोट भरलं" असं सांगणं. पण त्याचं आयुष्य फार थोडं. रक्तातलं डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला दोनेक मिनिटांत निकामी करतं.

साध्या माणसात घास आतड्याच्या शेवटाकडे पोचेपर्यंत त्यातली बरीचशी साखर आधीच शोषली गेलेली असते. बायपास झालेल्या माणसात मात्र अन्न छोट्या पिशवीतून झपकन खाली उतरतं आणि जीएलपी-१ तयार करणाऱ्या पेशींवर एकदम जाऊन पडतं. त्या पेशी जोरात जाग्या होतात. जेवणानंतरची जीएलपी-१ची पातळी आधीपेक्षा अनेक पटींनी वर जाते आणि वर्षं लोटली तरी हा परिणाम टिकतो. त्याच पेशींतून पीवायवाय नावाचा हार्मोनही सुटतो. तो भूक मारतो. स्लीव्हमध्ये आतडं जागचं हलवत नाहीत, तरीही नळीसारखं जठर लवकर रिकामं होत असल्याने दोन्ही हार्मोन वाढतात, फक्त बायपासपेक्षा साधारणपणे थोडे कमी.

तिसरं नाव घ्रेलिनचं. जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ साली हा हार्मोन शोधला. तो भूक लावतो. जेवणाच्या वेळेआधी चढतो, जेवल्यावर उतरतो. जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात तो सर्वांत जास्त तयार होतो, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग कापला जातो. म्हणून स्लीव्हनंतर घ्रेलिन ठळकपणे उतरतो. बायपासनंतर त्याचं काय होतं, याबाबत अभ्यासांची उत्तरं एकसारखी नाहीत.

डाएट आणि ऑपरेशन यांतला फरक इथेच कळतो. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं की शरीर घाबरून घ्रेलिन वाढवतं, भूक आणखी भडकते आणि वर्षभरात वजन परत येतं. घरातले लोक मग "तुझ्यात जिद्दच नाही" म्हणून टोमणे मारतात, विशेषतः बायकांना. ऑपरेशननंतर वजन उतरतं, पण भूक त्या प्रमाणात चढत नाही. एवढं कळलं तरी काही टोमणे कमी होतील.

मग सगळं श्रेय हार्मोनचं का?

इथे जरा थांबायला हवं, कारण जाहिरातींमध्ये हेच सोपं करून सांगितलं जातं.

पहिल्या आठवड्यात शुगर उतरते त्याचं मोठं कारण साधं आहे: पेशंट जवळजवळ काही खातच नाही. दिवसाला काही घोट पाणी, सूप, ताक. इतकं कमी खाल्लं तर ऑपरेशनशिवायही काही दिवसांत यकृतातली चरबी कमी होते आणि यकृत इन्सुलिनचं ऐकू लागतं. हार्मोनचा वाटा दिसतो तो जेवण सुरू झाल्यावर, स्वादुपिंड पुन्हा वेळेवर इन्सुलिन सोडू लागतं तेव्हा.

२००४ साली फ्रान्समध्ये काम करणारे सर्जन फ्रान्चेस्को रुबिनो यांनी लठ्ठ नसलेल्या मधुमेही उंदरांवर आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालणारं ऑपरेशन केलं. वजनात विशेष फरक पडला नाही, तरी शुगर सुधारली. त्यावरून दोन मतं पुढे आली. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून काहीतरी बिघाड करणारं सुटत असावं आणि वळशामुळे ते थांबत असावं, असं एक मत. शेवटच्या भागाला अन्न लवकर मिळाल्याने जीएलपी-१ वाढतो आणि काम होतं, हे दुसरं. दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. बायपास झालेल्या पेशंटमध्ये औषधाने जीएलपी-१चं काम अडवलं, तेव्हा जेवणानंतरचं इन्सुलिन घटलं आणि शुगर वाढली. म्हणजे त्याचा हात नक्की आहे. पण जीएलपी-१चा निरोप घेऊच न शकणाऱ्या उंदरांवर स्लीव्ह केली, तरी त्यांचं वजन उतरलं. म्हणजे तो एकटा नाही. पित्तातली आम्लं आणि आतड्यातले जिवाणूही बदलतात, त्यांचाही वाटा धरला जातो.

२०२० साली अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या संशोधकांनी आणखी एक प्रश्न विचारला. २२ मधुमेही लोक घेतले. निम्म्यांनी बायपासने आणि निम्म्यांनी फक्त आहाराने जवळपास १८ टक्के वजन उतरवलं. तपासलं तर इन्सुलिनचा असर, चोवीस तासांची शुगर, स्वादुपिंडाची ताकद यांत झालेला फायदा दोन्हीकडे सारखाच निघाला. अभ्यास लहान आहे, पण त्याचं म्हणणं वजनदार आहे. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकत्र बसतात. वजन उतरणं हाच फायद्याचा मोठा भाग आहे, आणि हार्मोन बदलतात म्हणूनच बहुतेक लोकांना एवढं वजन उतरवून ते टिकवता येतं. आहाराने १८ टक्के वजन उतरवून ते पाच-सात वर्षं टिकवलेली किती माणसं आपण पाहिली आहेत?

मधुमेह "गेला" म्हणजे किती गेला

डॉक्टर "बरा झाला" म्हणत नाहीत, "रेमिशन" म्हणतात. २०२१ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे शुगरची सर्व औषधं बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर ते रेमिशन. बीमारी गप्प आहे, संपलेली नाही, असं समजावं.

आकडेही पूर्ण पाहावेत. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात ऑपरेशननंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रेमिशनमध्ये होते, दहा वर्षांनी ३६ टक्के उरले. क्लीव्हलँड क्लिनिकच्या १५० पेशंटच्या चाचणीत ध्येय कडक होतं, एचबीए१सी ६ टक्के किंवा कमी. पाच वर्षांनी हे ध्येय बायपासवाल्यांत २९ टक्क्यांनी, स्लीव्हवाल्यांत २३ टक्क्यांनी आणि फक्त औषधांवर असलेल्यांत ५ टक्क्यांनी गाठलं. फरक मोठा आहे. पण "शंभर टक्के शुगर गायब" असं कोणी फलकावर लिहीत असेल, तर तिथून चालू पडावं. ज्यांची शुगर परत येते त्यांनाही सहसा आधीपेक्षा कमी औषध लागतं, हेही खरं.

कोणाला जास्त फायदा होतो याचा अंदाज आधी बांधता येतो. मधुमेह होऊन थोडीच वर्षं झाली असतील, इन्सुलिन सुरू झालेलं नसेल, स्वादुपिंडात अजून दम असेल, तर शक्यता चांगली. वीस वर्षांचा मधुमेह आणि बरीच वर्षं इन्सुलिन असेल, तर निरोप कितीही जोरात गेला तरी ऐकणाऱ्या पेशीच थोड्या उरलेल्या असतात. सी-पेप्टाइड नावाची रक्तचाचणी याचा अंदाज देते. सर्जनने ती सांगितली नसेल तर आपण विचारावी. टाइप १ मधुमेहात मात्र या ऑपरेशनने इन्सुलिन बंद होत नाही.

बीएमआय आणि विम्याचा घोळ

आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह होतो. पोटावर चरबी, हातपाय बारीक, ही ठेवण आपण घरोघर पाहतो. म्हणून २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५पासून ऑपरेशनचा विचार व्हावा असं म्हटलं आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हे वजन सुमारे ७० किलो होतं.

विमा मात्र वेगळ्या मापाने चालतो. विमा नियामकाच्या नियमात वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत अनियंत्रित टाइप २ मधुमेहासारखा गंभीर त्रास व साधे उपाय करूनही अपयश, अशा अटी आहेत. त्याच बाईसाठी ३५ म्हणजे जवळपास ९० किलो. ७० आणि ९० किलोच्या मध्ये जी माणसं आहेत त्यांना डॉक्टर "करता येईल" म्हणतील आणि विमा कंपनी "नाही" म्हणेल. दागिने मोडण्याआधी कंपनीकडून लेखी मंजुरी घ्यावी. पॉलिसीतला प्रतीक्षा काळही वाचावा.

नंतरची शुगर: खाली जाण्याचा धोका

ज्या जीएलपी-१मुळे फायदा होतो, तोच कधी उलटतो. गोड किंवा मैद्याचं एकदम खाल्लं की साखर झपकन आतड्यात उतरते, अर्ध्या तासात शुगर उंच जाते, हार्मोनची लाट येते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी शुगर धाडकन कोसळते. घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी, कधी बेशुद्धी. हा त्रास ऑपरेशननंतर लगेच न होता बऱ्याचदा वर्ष उलटल्यावर सुरू होतो, त्यामुळे कोणाला ऑपरेशन आठवतच नाही. "बीपी लो झाला" म्हणून लिंबू-सरबत देतात, आणि तेच चक्र पुन्हा फिरतं.

रमजानमध्ये याची फार शक्यता असते. दिवसभर उपाशी पोट, मग तीन-चार खजूर, रूहअफजाचा ग्लास, भजी. दोनेक तासांनी तरावीहच्या रांगेत उभं असताना पाय लटपटतात. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी इफ्तार एका खजुराने आणि साध्या पाण्याने करावी, थोडं थांबून अंडं, चिकन, डाळ, दही असं प्रथिनाचं आधी खावं, भात-भाकरी शेवटी. पाणी इफ्तार ते सहरी घोटाघोटाने प्यावं, कारण छोट्या पोटात एकदम मावत नाही.

रोजा ठेवावा की नाही? पहिलं वर्ष-दीड वर्ष बहुतेक डॉक्टर नको म्हणतात, कारण तेव्हा पाणी आणि प्रथिनं दोन्ही पुरत नाहीत. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहेच. कजा की फिदया, हे डॉक्टरांचं मत घेऊन आपल्या आलिमांना विचारावं. रोज्यात शुगर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात. बोटातून रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमांनी स्पष्ट केलं आहे. तेव्हा त्या भीतीने तपासणी टाळू नये. शुगर खाली गेलीच तर तीन छोटे चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यावं, आणि शुगर वर आल्यावर दही किंवा अंड्यासारखं काहीतरी खावं, म्हणजे ती परत घसरणार नाही.

औषधं, गोळ्या आणि काही अडचणीचे प्रश्न

डिस्चार्जच्या वेळी जुन्या गोळ्यांची चिठ्ठी तशीच चालू ठेवू नये. ग्लिमेपिराइडसारख्या, इन्सुलिन जबरदस्तीने सोडायला लावणाऱ्या गोळ्या सहसा बंद करतात. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातल्या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या बायपासनंतर टाळायच्या, जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखू, बिडी, मिश्री यांनाही हेच लागू आहे. मिश्री "नुसती दातांना" लावली तरी निकोटिन रक्तात जातंच, हे घरातल्या मोठ्या बायकांना समजावून सांगावं लागतं.

बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर. वर्षाने "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करणारे पुढे हातापायांना मुंग्या आणि रक्तक्षय घेऊन परत येतात. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटी वाढलेली दिसू शकते, म्हणून शुगरच्या रिपोर्टसोबत हिमोग्लोबिनही पाहावं. सतत उलट्या होत असतील तर बी१ची कमतरता पटकन होते आणि ती मेंदूवर जाते. त्या वेळी थांबू नये, दवाखाना गाठावा.

कॅप्सूलचं आवरण अनेकदा जिलेटिनचं असतं. तीच जीवनसत्त्वं गोळीत किंवा चघळायच्या स्वरूपात मिळतात. ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून देतात ते एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून काढलेलं असतं. फोन्डापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनवलेलं दुसरं औषध आहे, पण ते प्रत्येकाला चालेलच असं नाही. हा प्रश्न भरती होण्याच्या आठवडाभर आधी सर्जन आणि आलिम दोघांना विचारावा. ऑपरेशनच्या रात्री वॉर्डात वाद घालून इंजेक्शन नाकारू नये, गुठळी जीव घेऊ शकते.

ज्या मुलींचं ऑपरेशन झालंय त्यांनी साधारण बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळावं. वजन उतरताच थांबलेली पाळी सुरू होते आणि दिवस लवकर राहू शकतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये. गरोदरपणात शुगर तपासायला ग्लुकोज पाजतात, ते बायपास झालेल्या बाईला देऊ नये, डॉक्टरांना आधीच सांगावं. तिच्यासाठी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने तपासणी करता येते.

इंजेक्शन की ऑपरेशन

अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत जॉन एंग यांना १९९२ साली जीएलपी-१सारखं, पण लवकर न मोडणारं रसायन सापडलं. त्यातून २००५ साली एक्झेनाटाइड आलं, पुढे सेमाग्लुटाइड, आणि जीआयपी व जीएलपी-१ दोन्हींचं काम करणारं टिर्झेपाटाइड, जे मार्च २०२५मध्ये भारतात आलं. ऑपरेशन जे काम आतड्याची वाट बदलून करतं, त्यातलं काही हे औषध सुईने करतं. कापाकापी नाही, हा फायदा. पण इंजेक्शन थांबवलं की भूक आणि वजन बहुतेकांत परत येतं. म्हणजे खर्च महिन्याचा आणि लांबचा. ऑपरेशनचा खर्च एकदम, आणि त्यात जिवाचा धोका अनुभवी केंद्रांत हजारात एक ते तीनच्या आसपास. शिवाय स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते, त्यामुळे आधीच आम्लपित्ताचा जोरदार त्रास असलेल्यांनी प्रकार निवडताना हे बोलून घ्यावं.

सर्जनला भेटायला जाताना दोन वर्षांचे एचबीए१सीचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती, हे तिन्ही सोबत न्यावं. नंतरचं पहिलं वर्ष तिच्याच हातात असतं, आणि तिलाच सहसा कोणी काही सांगत नाही.